थोरलीचा रंग, धाकटीची माणसं

विमानावर जो रंग असतो तो आमचा नसतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यापैकी कितीतरी जण विमानात बसतील, शेपटीवरचं चिन्ह पाहून निर्धास्त होतील आणि पुढे दाराआड बसलेली दोन माणसं त्याच चिन्हाची आहेत असं धरून चालतील. पुष्कळदा ती नसतात. मोठी कंपनी तिकीट विकते, रंग देते, हवाईसुंदरीच्या गळ्यातला रुमालही देते. विमान आणि वैमानिक मात्र एखाद्या छोट्या कंपनीचे असतात, मुदतीच्या करारावर घेतलेले. मस्कतला आम्ही मराठी वैमानिक आपसात मोठीला थोरली म्हणायचो आणि आमच्या कंपनीला धाकटी. नाव थोरलीचं, राबायचं धाकटीने, आणि मर्जी फिरली की बोचकं उचलायचं तेही धाकटीनेच. यात नवरा कोण, ते मला अजून कळलेलं नाही.

मी या धंद्यात शिरलो तो भांडतच. नव्वदच्या दशकात आपल्याकडे परवाना खिशात घालून घरी बसलेल्या वैमानिकांची फौज होती. आम्ही त्यांची एक संघटना काढली. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण साताऱ्याला कॉलेजात असताना मी साखर कामगारांच्या संपाची पत्रकं लिहिली होती. पत्रकाची भाषा एकदा अंगात मुरली की जात नाही. हा लेख वाचताना तुम्हाला ते जाणवेल, आणि मी त्याबद्दल दिलगीर नाही. त्याच भांडणातून कुणाच्या तरी ओळखीने मस्कतची नोकरी मिळाली. उजव्या खुर्चीची. विमानात डावी खुर्ची कॅप्टनची आणि उजवी को-पायलटची.

माझ्या डाव्या हाताला बसायचे कॅप्टन इब्राहिम परकार. मूळचे श्रीवर्धनचे, पन्नाशी ओलांडलेले, अल हैलला समुद्राजवळ बायको आणि मुलीसह राहणारे. विमान असं टेकवायचे की मागे झोपलेल्याची झोप मोडू नये. माझी संघटना, माझी पत्रकं, सगळं त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि तेव्हापासून ते मला जगदाळे न म्हणता कॉम्रेड म्हणू लागले.

एका सकाळी आम्ही दोघं ड्युटीवर आलो तर आमच्या विमानाच्या शेपटीला शिडी लावलेली. वर एक बिहारी रंगारी तपकिरी पट्टा खरवडत होता.

परकारसरांनी खालून विचारलं, "क्या भाई, सफाई चल रही है?"

"नहीं साब. भूरावाला खलास. अब नीला लगेगा."

आमच्या थोरलीशी असलेला करार संपला आणि नवी थोरली आली, ही बातमी आम्हाला अशी कळली. ऑफिसने कळवायला दुपार उजाडली.

"और हम लोग?" सरांनी विचारलं. "हमको भी नीला लगेगा क्या?"

रंगाऱ्याने जरा विचार केला. "आपका मालूम नहीं साब. मेरे पास सिर्फ पूँछ का ऑर्डर है."

परकारसर पोट धरून हसले. मी रागाने लाल झालो होतो. ड्युटी संपवून सरांच्या गाडीत बसल्यावर म्हणालो, "सर, हसता काय? उद्या आपल्याला काढलं असतं तर?"

"तर रडलो असतो. आज नाही काढलं म्हणून हसलो." मग गाडी चालवता चालवता त्यांनी मला हा धंदा समजावला, तो तुम्हालाही सांगतो. "बँकेतला मॅनेजर दुसऱ्या बँकेत गेला तरी मॅनेजर. डॉक्टर दुसऱ्या हॉस्पिटलात डॉक्टरच. पायलट दुसऱ्या कंपनीत गेला की रांगेच्या शेवटी. डोकं पांढरं झालेलं असलं तरी शेवटी. इथे वयाचा मान नाही कॉम्रेड, आत आल्याच्या तारखेचा मान. म्हणून कुणी कंपनी सोडत नाही. आणि मालकाला ठाऊक असतं की कुणी सोडत नाही."

आखातात यावर आणखी एक फास. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर, गाडी आणि पोरांची शाळा. माणूस डाव्या खुर्चीत बसून पन्नास जिवांचा मालक असतो, आणि जमिनीवर उतरला की अर्बाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, सहीवर जगणारा. हा विरोधाभास मला गिळता येत नव्हता. परकारसर तो रोज चहाबरोबर गिळत.

त्या नव्या, निळ्या थोरलीच्या ताब्यात आमचा मुख्य मार्ग होता मस्कत ते खसब. अरबस्तानच्या भूमीचं जे टोक इराणच्या दिशेने पाण्यात घुसलंय, त्या टोकावरचं हे गाव. प्रवासी ठरलेले. सैनिक, मासे घेणारे व्यापारी, सरकारी कारकून, आणि हुसेनभाई. हुसेनभाई रत्नागिरीकडचे, खसबला किराणा मालाचं दुकान. देह भरभक्कम. छोट्या विमानात वजन पुढे-मागे सारखं वाटावं लागतं, म्हणून आमचा माणूस त्यांना हमखास शेवटच्या रांगेत बसवायचा.

"परकारसाहेब, आज परत मागं?" ते कॉकपिटच्या दारातून ओरडायचे. "माझ्या पैशाला वास येतो काय?"

"पैशाला नाही हुसेनभाई. पिशवीला येतो."

पिशवीत सुके बोंबील असत. जाताना रत्नागिरीचे, येताना खसबचे. दोन्हींत फरक काय, हे त्यांनी मला अनेकदा समजावलं. मला नाही कळलं.

आता खसबबद्दल. वाचकहो, मला वर्णनं जमत नाहीत, मागण्या जमतात. तरी सांगतो. मस्कतहून निघालं की बातिनाचा सपाट किनारा डाव्या हाताला लांबवर चालत राहतो. खजुराच्या बागा, मग धूळ, मग पुन्हा बागा. आणि एकाएकी डोंगर समोर उभे राहतात आणि थेट समुद्रात उतरतात. सह्याद्रीचा कडा डोळ्यांपुढे आणा. त्यावरचं पान न् पान खरवडून काढा. पायथ्याची कोकणपट्टी पुसून तिथे निळंकाळं पाणी आणून लावा. मग ते पाणी बोटांसारखं डोंगरांच्या आत घुसवा. या सगळ्याच्या मध्ये एक वाटी, वाटीच्या तळाशी गाव, आणि गावाला लागून धावपट्टी. तीन बाजूंना दगड. चौथ्या बाजूला खाडी, आत यायची वाट तेवढीच.

पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी रेडिओवर उत्तर द्यायचं विसरलो. परकारसरांनी माझ्याऐवजी उत्तर दिलं आणि म्हणाले, "बघून घे. पहिल्या वेळी सगळ्यांना माफ असतं. दुसऱ्या वेळेपासून स्पीड बघायचा."

पण ज्याने मला खरं गार केलं ते डोंगर नव्हते. तो एक नियम होता.

विमान उतरताना कॅप्टनच्या हातात असो वा को-पायलटच्या, दोघांपैकी कुणालाही काही बिनसल्यासारखं वाटलं तर त्याने दोन शब्द म्हणायचे. गो अराउंड. म्हणजे उतरू नका, परत वर चला. हे शब्द कानावर पडले की ज्याच्या हातात विमान आहे त्याने विचारायचं नाही, तपासायचं नाही, मान वळवून बघायचंही नाही. इंजिनाला पूर्ण जोर आणि नाक वर. का, ते नंतर जमिनीवर. म्हणणारा काल लागलेला पोरगा असला आणि ऐकणारा वीस वर्षं मुरलेला कॅप्टन असला तरी. मी कामगारांचे मोर्चे पाहिले, वाटाघाटी पाहिल्या, समतेवर पानंच्या पानं लिहिली. सगळ्यांत धाकट्याच्या तोंडचा शब्द सगळ्यांत थोरल्याने निमूट पाळायचा, असा कायदा मी तोवर कुठे पाहिला नव्हता. मात्र तो कागदावरचा कायदा. प्रत्यक्षात कुणी पाळतं का, ही शंका पत्रकवाल्याला येणारच.

निळ्या थोरलीशी केलेला करारही संपत आला. ती जेट विमानं आणणार, तिला आमची पंख्याची विमानं नको झाली आहेत, अशी कुजबुज होती. करार वाढवायचा की नाही हे ठरवण्याआधी तिने आपला एक तपासनीस आमच्या फेऱ्यांवर पाठवला. गोरा, सभ्य, कमी बोलणारा. कॉकपिटमध्ये आम्हा दोघांच्या मागे एक घडीची खुर्ची असते, तिच्यावर बसून तो बघणार. उशीर किती, इंधन किती जळतं, माणसं कशी आहेत. सरांच्या मुलीचं, शबानाचं, ते बारावीचं वर्ष होतं. करार गेला तर घर मधल्या वर्षातच आवरावं लागणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्या खुर्चीवरच्या माणसालाही बहुधा असावं.

त्या दिवशी वायव्येचा वारा सुटला होता. खाडीवरून आत शिरलो, विमान सरांच्या हातात, माझं काम काटे बघायचं आणि आकडे बोलायचं. खसबला एक जागा अशी येते की तिच्यापुढे गेलात की उतरण्यावाचून गत्यंतर राहत नाही, कारण समोर वळायला जागा नाही, दगड आहे. आम्ही त्या जागेच्या अलीकडे होतो. धावपट्टी समोर स्वच्छ दिसत होती. कड्यामागून वाऱ्याचा एक सपकारा आला आणि वेगाचा काटा घसरला. मी म्हणालो, "स्पीड." सरांनी जोर वाढवला. काटा सावरला, आणि पुन्हा घसरला. विमान पायाखालून खचल्यासारखं झालं.

मी म्हणालो, "गो अराउंड."

शब्द अजून माझ्या तोंडातच होते की काय कोण जाणे, सरांचा हात पुढे गेला होता. इंजिनं गर्जली, नाक वर आलं, चाकं आत गेली, आणि आम्ही खाडीच्या तोंडाकडे वळलो. वळताना माझ्या खिडकीतून अख्खा कडा तिरपा सरकत गेला. त्या कड्याच्या एका खोबणीत दगडी घर होतं, त्याला निळं दार होतं, दारात कपडे वाळत घातले होते. तिथे माणूस कसा पोचतो, मला माहीत नाही. इतकं मोठं, इतकं शांत काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

सरळ झाल्यावर मागून आवाज आला. "कॅप्टन, धावपट्टी समोर होती. मला वाटतं, तुम्ही उतरला असता."

"मलाही तसंच वाटतं," सर म्हणाले.

"मग का नाही उतरलात?"

"त्याने म्हटलं ना."

एवढंच. आवाजात राग नाही, मोठेपणा नाही. दार वाजलं म्हणून उघडलं, असं सांगावं तसं. दुसऱ्या खेपेला वारा पडला होता आणि आम्ही लोण्यात सुरी शिरावी तसे उतरलो, म्हणजे माझे दोन शब्द तपासनिसाच्या नजरेत फुकटच ठरले. मागच्या रांगेतून उतरताना हुसेनभाई म्हणाले, "आज एका तिकिटात दोनदा खसब दाखवलंत. मेहेरबानी."

खाली आम्ही दोघं विमानाच्या सावलीत उभे राहिलो. मला वाटलं, आता जमिनीवरचा 'का' येणार. आला. "काय दिसलं तुला?"

मी सांगितलं. काटा दोनदा घसरला, खाली जायचा वेग वाढला.

"मला दुसरी घसरण नाही दिसली. मी बाहेर बघत होतो." त्यांनी मान हलवली. "बरं. चहा आहे का बघ."

पुढे जे झालं त्यासाठी हा लेख आहे.

थोड्याच दिवसांत थोरलीने जाहीर केलं की करार वाढवणार नाही, पण धाकटीतले काही वैमानिक पारखून ती स्वतःकडे घेईल. अर्थात रांगेच्या शेवटी. मला थोरलीच्या अल खुवैरच्या ऑफिसात बोलावणं आलं. टेबलापलीकडे तोच तपासनीस, शेजारी नोकरभरतीच्या बाई. माझं उड्डाण चांगलं आहे म्हणाले. मग तपासनिसाने मुद्दा काढला.

"त्या दिवशी खसबला तुम्हाला बोलावं लागलं. म्हणजे कॅप्टनच्या हातून काही चुकत होतं, असंच ना?"

"वारा होता."

"तरी बोलावं तुम्हालाच लागलं. एवढंच एका ओळीत लिहून द्या. आम्हाला कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही, ते ठरवायला सोपं जाईल."

मी त्यांना जे म्हटलं ते इथे छापतो, कारण ते माझं सगळ्यांत आखूड पत्रक आहे. "साहेब, ज्याने ऐकलं त्याच्या नावावर तुम्ही चूक मांडणार. मग उद्या कुठला कॅप्टन ऐकेल? आणि आपल्या कॅप्टनची नोकरी जाईल या धास्तीने कुठला को-पायलट तोंड उघडेल? तुम्ही एका माणसाला गाळायला निघालात, आणि गळणार आहेत ते दोन शब्द."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. तपासनीस शांतपणे म्हणाला, "मिस्टर जगदाळे, विषय तुमच्या नोकरीचा आहे. भाषणाचा नाही."

मी ओळ लिहिली नाही. मला घेतलं नाही. सरांनाही नाही, त्यांना पत्रात कारण दिलं होतं वयाचं.

संध्याकाळी अल हैलला सरांच्या घरी गेलो आणि मोठ्या ऐटीत हे सगळं सांगितलं. वाटलं, सर पाठ थोपटतील. ते उखडले. "अरे गाढवा, लिहून द्यायचं की. मी तर जाणारच होतो."

"खोटं कसं लिहू सर?"

"खोटं काय त्यात? उतरताना अॅप्रोच बिघडलाच होता. वारा मी नव्हता आणला, पण विमान माझ्याच हातात होतं ना?"

रुखसानाभाभी पानं मांडत होत्या. "छान. दोघांनी मिळून दोन नोकऱ्या घालवल्या. आता जेवून घ्या, गार होतंय."

मी खिशातून पत्रक काढलं. मथळा होता, 'रंग बदलला, माणसं फेकली'. शबाना वाकून बघू लागली. तिचं मराठी अडखळत चालायचं. "अंकल, तुम्ही हे पेपर... सगळ्या पायलट लोकांना देणार?"

"देणार."

सरांनी जेवता जेवता ते पूर्ण वाचलं. "चांगलं लिहितोस. पण हे पायलटांना कशाला सांगतोस? त्यांना पाठ आहे. मागे बसलेल्याला सांग."

ते पत्रक मी वाटलं नाही. मागे बसलेले तुम्ही आहात, म्हणून आता सांगतोय.

एक गोष्ट माझ्या पत्रकात बसत नाही, तरी लिहितो. आमच्या धाकटीचे ओमानी मालक, सालेमसाहेब, यांना सरांनी विनंती केली की मुलीची परीक्षा होईतो व्हिसा चालू ठेवा. ते म्हणाले, "इन्शाल्ला." आम्ही हिंदुस्थानी लोक या शब्दाचा अर्थ 'नाही' असा लावून मोकळे होतो. मीही लावला, आणि दोन दिवस मालकवर्गाला शिव्या दिल्या. सालेमसाहेबांचा अर्थ मात्र शब्दात होता तोच होता. शबानाने मस्कतलाच परीक्षा दिली.

मग परकार कुटुंब पनवेलला गेलं. मी मस्कतलाच दुसऱ्या एका धाकटीत लागलो, तेलाच्या खाणींवर माणसं नेणाऱ्या. काही वर्षांनी मला डावी खुर्ची मिळाली, आणि मिळाल्यावर थोड्याच दिवसांत उजवीकडच्या पोराने पहिल्यांदा मला ते दोन शब्द ऐकवले. मी वर गेलो. जायलाच हवं होतं. पण हात पुढे जाताना माझ्या डोक्यात करार येऊन गेला, ऑफिस येऊन गेलं, बायकोचा चेहरा येऊन गेला. तेव्हा मला कळलं की खसबच्या त्या वाटीत, मागे तपासनीस बसवून, एका बापाने काय केलं होतं. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो आणि मला कड्यावरचं निळं दार तेवढं दिसलं होतं.

त्याच आठवड्यात पनवेलला फोन लावला. दरम्यान आपल्याकडे नव्या खाजगी विमान कंपन्या निघाल्या होत्या आणि सरांना त्यातल्या एकीत जेटवर घेतलं होतं. रांगेच्या शेवटी. उजव्या खुर्चीत.

"सर, त्या दिवशी खसबला तुम्हाला काहीच आठवलं नाही?"

"आठवली ना. शबाना आठवली."

"आणि तरी?"

"हात आधी गेला. ती मग आठवली." मागे भाभी कुणाला तरी हाका मारत होत्या. "बरं झालं तसं झालं. उलटं झालं असतं तर काय केलं असतं, देव जाणे."

मी विचारलं, या वयात उजवीकडे बसणं जड जात नाही का. त्यांचा कॅप्टन माझ्याहूनही लहान होता, त्यांनीच सांगितलं.

"सुरुवातीला बॅग कुठल्या बाजूला ठेवायची तेच चुकायचं," ते म्हणाले. "आता म्हणायचं काम माझ्याकडे आलंय कॉम्रेड. परवा कोचीनला म्हटलं. पाऊस होता."

"मग?"

"मग काय, गेला वर. विचारलं नाही, वळून पाहिलं नाही. फार चांगला पोरगा आहे." मग म्हणाले, "त्याची नोकरी टिकली पाहिजे रे."